खान्देशचा चौथा जिल्हा

जळगाव, धुळे, नंदुरबार... आणि सुरत! वर्गात प्रत्येकाचा एक तरी काका, मामा नाहीतर आतेभाऊ तिकडे आहे. पण सुरतेत आपली माणसं नेमकी किती, हे कुणालाच का सांगता येत नाही?

‘‘तो सुरतला असतो.’’

जामनेर तालुक्यातल्या कुठल्याही गावात पारावर दहा मिनिटं बसा, हे वाक्य कानावर पडणारच. वाक्यातलं ‘असतो’ जरा नीट ऐका. ‘सुरतला स्थायिक झाला’ असं आपल्याकडे कुणी म्हणत नाही. वीस वर्षं झाली असतील, तिकडे डिंडोलीला घर घेतलं असेल, पोरं तिकडेच शिकली असतील, तरी तो सुरतला फक्त ‘असतो’. म्हणजे राहतो इथलाच! आखाजीला येतो, भाऊबंदकीच्या लग्नात पंगतीला वाढायला उभा राहतो, ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की गाडी भरून येतो आणि मत टाकून रात्रीच परत निघतो.

पुण्या-मुंबईच्या मित्रांना हे चटकन कळत नाही. त्यांना वाटतं, महाराष्ट्रातला पोरगा कामाला जाणार तर पुण्याला. आपल्याकडे मात्र बारावीचा निकाल मनासारखा लागला नाही, की घरात पहिलं नाव सुरतचं निघतं. डिग्री झाली आणि वर्षभर काही जमलं नाही, तरी सुरत. पुण्यात रूमचं भाडं, मेसचा डबा, क्लासची फी हा सगळा हिशोब आधी करावा लागतो. सुरतेत काकाच्या घरात एक गादी जास्तीची पडते, बस्स.

मग प्रश्न असा, की असे आपण तिकडे आहोत तरी किती?

नववं बेट

सुरतेकडे वळण्याआधी जरा लांब जाऊन येऊ. हवाई बेटं. अमेरिकेचं राज्य, पण मुख्य भूमीपासून हजारो किलोमीटर दूर, पॅसिफिक समुद्राच्या मधोमध. मुख्य बेटं आठ. तिथले मूळ रहिवासी म्हणजे ‘नेटिव्ह हवाईयन’ लोक गेली कित्येक वर्षं बेटं सोडून अमेरिकेच्या मुख्य भूमीवर जात आहेत. कारण साधं आहे. पर्यटकांमुळे आणि बाहेरच्या पैशामुळे घरांच्या किमती आभाळाला भिडल्या आणि स्वतःच्याच बेटावर घर घेणं परवडेनासं झालं. मुख्य भूमीवर सगळ्यांत जास्त हवाईयन कॅलिफोर्नियात आहेत. नेवाडातल्या लास वेगास शहरात तर इतके आहेत, की त्या शहराला गमतीनं ‘नववं बेट’ म्हणतात. तिथल्या एका हॉटेलवाल्यानं १९७५ पासून खास हवाईच्या लोकांसाठी त्यांच्या चवीचं जेवण ठेवलं. आधी लोक फिरायला आले, मग राहायलाच आले.

२०२० च्या अमेरिकन जनगणनेत एक गोष्ट आकड्यांनिशी समोर आली. स्वतःला नेटिव्ह हवाईयन म्हणवणारे सुमारे ६ लाख ८० हजार लोक आहेत आणि त्यातले निम्म्याहून जास्त हवाईच्या बाहेर राहतात. एका समाजाची बहुसंख्या घराबाहेर! तिकडे यावर वर्तमानपत्रांत भरभरून लिहून आलं, चर्चा झाल्या. हे शक्य झालं, कारण त्यांच्या फॉर्मवर ‘नेटिव्ह हवाईयन’ असा वेगळा रकाना आहे. माणूस कुठल्याही राज्यात, कुठल्याही शहरात असो, त्या रकान्यात खूण केली की मोजला जातो. आई हवाईयन आणि बाप दुसरा कुणी असेल तर दोन्ही रकान्यांत खूण करायचीही सोय आहे.

आता आपलं बघा. ‘खान्देशी’ असा रकाना आपल्या जनगणनेत कुठेच नाही. आहे ती मातृभाषा, जन्मस्थळ आणि आधी कुठे राहत होता हा प्रश्न. या तिन्ही जाळ्यांतून आपला सुरतवाला कसा निसटतो, ते पुढे येईलच.

बडोदा वेगळं, सुरत वेगळं

गुजरातमध्ये मराठी माणूस म्हटलं की पुस्तकात पहिलं नाव बडोद्याचं येतं. ते बरोबरच आहे. गायकवाडांनी अठराव्या शतकात तिथं राज्य बसवलं आणि त्यांच्याबरोबर सरदार, कारकून, पुजारी, गवई, शिक्षक असा सगळा गोतावळा गेला. सयाजीराव तिसरे तर मूळचे आपल्या शेजारचे, मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे. १८७५ मध्ये दत्तक गेले आणि त्यांनी १९३९ पर्यंत राज्य केलं. १९०६ मध्ये त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. बडोद्याच्या मराठी माणसाला त्यामुळे एक रुबाब आहे. २०१८ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही बडोद्यात झालं. अहमदाबादेतही मराठी वस्ती जुनीच आहे. लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर तिथलेच.

सुरतेचा मराठी माणूस या रांगेत बसत नाही. तो राजाबरोबर गेला नाही, भुसावळ-सुरत पॅसेंजरनं गेला. त्यानं तिकडे वाडा बांधला नाही, झोपडपट्टीत नाहीतर सोसायटीच्या दहा बाय पंधराच्या प्लॉटवर दोन खोल्या काढल्या. साहित्य संमेलनाच्या मांडवात त्याचं नाव निघत नाही. पण संख्येनं बघायला गेलं, तर आजच्या गुजरातमधला मराठी माणसांचा सगळ्यांत दाट गठ्ठा हाच आहे.

सुरतेच्या नकाशावर तो शोधायला वेळ लागत नाही. उधना, लिंबायत, नीलगिरी, गोडादरा, डिंडोली, नवागाम, पांडेसरा. शहराचा पूर्व आणि दक्षिण भाग, रेल्वेलाईनच्या आजूबाजूचा. दुकानांच्या पाट्यांवर पाटील, महाजन, चौधरी, सोनवणे, बडगुजर. सकाळी गाडीवर पोहे, संध्याकाळी शेवभाजी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत तिचं विसर्जन निघतं तेव्हा उधन्यात उभं असलेल्या माणसाला आपण धुळ्यात आहोत की गुजरातेत, असा प्रश्न पडावा. वांग्याच्या भरिताची पार्टी करायची तर वांगी जळगावहूनच यायला हवीत, असा हट्ट धरणारे लोक आहेत तिथं. (हट्ट योग्यच आहे.)

ही वस्ती किती वजनदार आहे, ते राजकारणात दिसतं. लिंबायत विधानसभा मतदारसंघातून २०१२ पासून सलग तीन वेळा संगीता पाटील निवडून आल्या. नवसारी लोकसभा मतदारसंघाचं नाव नवसारीचं असलं, तरी लिंबायत, उधना हे सुरतचे भाग त्यातच येतात. तिथून २००९ पासून सलग चार वेळा खासदार झालेले आणि आता केंद्रात जलशक्ती मंत्री असलेले सी. आर. पाटील जन्मानं जळगाव जिल्ह्यातल्या पिंप्री अकराऊतचे. एका राज्यात जन्मलेला माणूस दुसऱ्या राज्यात सत्ताधारी पक्षाचा प्रदेशाध्यक्ष होतो, ही आपल्या देशात रोज घडणारी गोष्ट नाही. मागे मतांचा गठ्ठा असल्याशिवाय तर नाहीच.

पाणी, रूळ आणि लूम

गेलो कसे आपण तिकडे?

नदीनं वाट आधीच काढून ठेवलेली होती. जामनेरची कांग वाघूरला मिळते, वाघूर तापीला आणि तापी उकाईच्या धरणातून पुढे जाऊन सुरतेला समुद्र गाठते. त्या खोऱ्यातूनच १९०० च्या सुमारास तापी व्हॅली रेल्वे आली. कापूस बंदराकडे न्यायला टाकलेले ते रूळ पुढे माणसं न्यायला लागले. गंमत म्हणजे जामनेरला स्वतःची रेल्वे होती ती पाचोऱ्याची, आपली लाडकी नॅरोगेज ‘पीजे’. ती जोडत होती मुंबईच्या लाईनला. आजोबांच्या पिढीतले काही जण त्या रस्त्यानं मुंबईच्या गिरण्यांत गेलेही. पण पुढच्या पिढ्यांनी एसटीनं जळगाव गाठलं आणि तिथून सुरतची गाडी धरली. २०२० मध्ये पीजे थांबली आणि आता तिचं रुंदीकरण होतंय. उधना-जळगाव मार्ग मात्र २०१८ मध्ये पूर्ण दुहेरी झाला. तीनशे सहा किलोमीटर. रात्री बसलं की सकाळी उधना.

पहिले गेले ते बहुधा ऊस तोडायला. बारडोलीचा सहकारी साखर कारखाना आणि त्याच्या आसपासचे कारखाने सुरू झाले, तशी धुळे-जळगावकडून हंगामी मजुरांची रीघ लागली. यान ब्रेमन नावाच्या डच समाजशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात या तोडणी कामगारांवर सविस्तर लिहिलंय. त्यांना तिकडे सरसकट ‘खान्देशी’च म्हणत. आज आपण अभिमानानं स्टेटसला ठेवतो तो शब्द त्या काळी बारडोलीत पालात राहणाऱ्या मजुराचं दुसरं नाव होता.

मग १९७२ चा दुष्काळ आला. शेत कोरडं, विहीर कोरडी. इकडे अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल यांचे चांगले दिवस सरत चालले आणि तिकडे सुरतेत पॉवरलूमची खाती एकामागे एक उभी राहिली. १९९१ मध्ये पंधरा लाखांच्या घरात असलेली सुरत २०११ मध्ये पावणेपंचेचाळीस लाखांवर गेली. मध्ये २००६ मध्ये शहराची हद्द वाढवली हे खरं, पण नुसत्या हद्दीनं शहर तिप्पट होत नाही. माणसं लागतात. ती ओडिशाच्या गंजाममधून आली, उत्तर प्रदेश-बिहारमधून आली, सौराष्ट्रातून हिऱ्याला आली आणि खान्देशातून आली.

एक गैरसमज इथंच काढून टाकू. ‘आपला कापूस सुरतला जातो म्हणून आपली माणसंही गेली’ असं भाषणात ऐकायला छान वाटतं. पण सुरतचं कापड मुख्यतः सिंथेटिक. पॉलिस्टरचं सूत, त्याच्या साड्या, ड्रेस मटेरियल. कपाशीशी त्याचा फारसा संबंध नाही. कापूस पिकवणाऱ्या बापाचा पोरगा पॉलिस्टरच्या लूमवर उभा राहिला, असं झालंय ते.

आणि उभं राहणं म्हणजे खरंच उभं राहणं. बारा तासांची पाळी. एक आठवडा दिवसाची, पुढचा रात्रीची. पगार मीटरवर, जितकं कापड निघेल तितके पैसे. एका माणसाकडे अनेक मशीन. खात्यातला आवाज इतका, की शेजारच्याशी खुणांनी बोलावं लागतं आणि काही वर्षांनी कानावर परिणाम होतो तो होतोच. लूमवरून डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये, तिथून एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर, टेम्पोवर, रिक्षावर, रिंगरोडच्या मार्केटमध्ये साडीच्या दुकानात, भाजीच्या गाडीवर. जे धडपडले ते चार लूम भाड्यानं घेऊन स्वतः शेठ झाले. गावात आपल्याला दिसते ती त्यांचीच चारचाकी. खात्यात रात्रपाळी करणारा दिवाळीत गावी येतो तेव्हा नवीन शर्ट घालून येतो, त्यामुळे त्याचं सुरत आपल्याला कधी दिसत नाही.

दिसलं ते दोनदा. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला आणि काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडलं. खान्देशकडे येणाऱ्या गाड्यांना लटकून माणसं आली. तुमच्या-माझ्या जन्माआधीची गोष्ट, पण घरात विचारा, कुणाला तरी आठवत असेल. आणि २०२० चा लॉकडाऊन आपण सगळ्यांनीच पाहिला. गाड्या बंद. सुरत-धुळे महामार्गानं, रुळांच्या कडेनं पोरंबाळं घेऊन लोक चालत निघाले. वाटेत नवापूर. त्या स्टेशनचा अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. एक बाकडं तर असं आहे, की एका टोकाला बसलेला गुजरातेत आणि दुसऱ्या टोकाचा महाराष्ट्रात. एरवी लोक तिथं फोटो काढतात. त्या महिन्यांत मात्र ती सीमा खरीखुरी सीमा झाली. दोन्ही वेळा परिस्थिती निवळल्यावर बहुतेक लोक परत गेले. इकडे राहून करणार काय?

आकडा कुठे हरवतो?

आता मूळ प्रश्न. २०११ च्या जनगणनेत गुजरातमध्ये मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ९ लाख २० हजार लोक निघाले. राज्याच्या लोकसंख्येच्या दीड टक्का. यात बडोद्याचे आले, अहमदाबाद, वापी, नवसारीचे आले आणि सुरतचेही आले. सुरतच्या राजकारणात, बाजारात, गर्दीत दिसणारी आपली संख्या बघितली की हा राज्यभराचा आकडा कमी वाटतो. पटत नाही.

पहिली गोम भाषेची. जनगणनेत ‘खान्देशी’ ही मराठीपासून वेगळी भाषा म्हणून मोजली जाते. अहिराणी त्याच गटात येते. म्हणजे अमळनेरचा किंवा साक्रीचा माणूस सुरतेत प्रगणकाला ‘अहिराणी’ म्हणाला, की तो मराठीच्या ९ लाख २० हजारांत नसतो. आणि जामनेरचा? आपली तावडी किंवा लेवा बोली. ‘मले, तुले’ करणारी. ‘मी करस, मी ऱ्हास’ असं आपण बोलत नाही. जामनेरवाला सरळ ‘मराठी’ लिहून मोकळा होतो. त्यामुळे एकाच खोलीत राहणारे, एकाच खात्यात काम करणारे दोन खान्देशी दोन वेगळ्या भाषांच्या तक्त्यांत जाऊन बसतात.

या तक्त्याची आणखी एक गंमत बघा. देशभरात खान्देशी गटाची भाषा सांगणारे १९९१ मध्ये होते ९ लाख ७३ हजार. २००१ मध्ये झाले २० लाख ७५ हजार. आणि २०११ मध्ये १८ लाख ६० हजार. दहा वर्षांत दुप्पट आणि पुढच्या दहा वर्षांत दोन लाखांनी कमी! असं कुठल्याच समाजात होत नाही, जन्ममृत्यूनं तर अजिबात नाही. बदललं ते उत्तर. त्या त्या वेळी लोकांना ‘अहिराणी’ म्हणावंसं वाटलं की ‘मराठी’, याचा तो आलेख आहे. आकडेमोड म्हणून तो निरुपयोगी असेल, पण समाजशास्त्राच्या कुठल्याही विद्यार्थ्याला त्यात एमएचा प्रबंध सापडेल.

दुसरी गोम जन्मस्थळाची. स्थलांतरित कोण? ज्याचा जन्म दुसरीकडे झाला किंवा जो आधी दुसरीकडे राहत होता तो. सुरतच्या दवाखान्यात जन्मलेला तुमचा आतेभाऊ या व्याख्येत बसत नाही. तो जन्मानं गुजराती. शाळेत गुजराती किंवा हिंदी, गल्लीत तिन्हीची खिचडी. सुरत महापालिका सात माध्यमांच्या शाळा चालवते आणि त्यात मराठीही आहे. पण पोरगं पुढे टिकावं म्हणून आईबापच त्याला दुसऱ्या माध्यमात घालतात. उद्या त्यानं मातृभाषा ‘गुजराती’ सांगितली तर तो स्थलांतराच्या तक्त्यातूनही गेला आणि भाषेच्या तक्त्यातूनही. हवाईतून लास वेगासला गेलेल्याचा नातूसुद्धा हवाईयन म्हणून मोजला जातो. आपला पोरगा मात्र एका पिढीत पुसला जातो.

आत्या-मावश्यांचं आणखी वेगळं. बायकांच्या स्थलांतराचं कारण जनगणनेत बहुतेक वेळा ‘लग्न’ असं लागतं. जामनेरची मुलगी उधन्याला दिली, तिनं तिथं घरात साडीला टिकल्या लावायचं, लेस कापायचं काम वीस वर्षं केलं, घर त्यावर चाललं. तक्त्यात ती ‘लग्नामुळे आलेली’. सुरतच्या कापडधंद्यात तिचा हात कुठेच दिसणार नाही.

दाखल्याच्या खिडकीत

मोजलं काय न मोजलं काय, आपल्याला काय फरक पडतो, असं वाटत असेल तर त्या आतेभावाला विचारा. त्याला महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचाय. दहावी-बारावी गुजरात बोर्डाची, त्यामुळे डोमिसाइलचा प्रश्न पहिला. मग जातीचा दाखला. एका राज्यातला दाखला दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. ओबीसींच्या याद्या राज्याराज्यांत वेगळ्या. महाराष्ट्रात ओबीसीचा दाखला काढायचा तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधी कुटुंब इथं राहत होतं याचा पुरावा लागतो. तो पुरावा कुठे असतो? आजोबांच्या जिल्हा परिषद शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये. म्हणजे सुरतेत जन्मलेला पोरगा, ज्याला बोलीही धड येत नाही, तो सुट्टीत जामनेरला येऊन शाळेच्या ऑफिससमोर उभा राहतो आणि पान फाटलेल्या रजिस्टरात आजोबांचं नाव शोधतो. जूनमध्ये सेतूच्या रांगेत अशी पोरं हमखास भेटतात. बॅगेवर सुरतच्या क्लासचं नाव असतं, त्यावरून ओळखू येतात.

जनगणनेनं हा दाखला त्याला मिळणार नाही, ते खरंय. पण अशी पोरं दर वर्षी किती, हे माहीत नसेल तर त्यांच्यासाठी वेगळी खिडकी तरी कोण आणि का उघडणार? सुरतच्या मराठी शाळेला शिक्षक किती लागतील, आखाजीला उधन्याहून जादा गाडी सोडायची की नाही, हेही कुणीतरी मोजल्याशिवाय ठरत नाही.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. आता ती २०२७ ची ठरली आहे. घरांची नोंद आधी, माणसांची मोजणी नंतर, १ मार्च २०२७ हा दिवस धरून. यावेळी जातीचीही नोंद होणार आहे आणि स्वतः ऑनलाइन माहिती भरायचीही सोय असणार आहे. म्हणजे सुरतच्या काकाकडे फॉर्म भरायला मोबाईल हातात घेणार ते आपल्याच वयाचं कुणीतरी.

मातृभाषेच्या रकान्याची व्याख्या त्याला आधी सांगून ठेवायला हवी. लहानपणी आई आपल्याशी ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा. शाळेची भाषा तिथं विचारलेली नाही. सांगितलं ते नाव जसंच्या तसं लिहायचं, अशी प्रगणकाला सूचना असते. अहिराणी म्हटलं तर अहिराणी, तावडी म्हटलं तर तावडी. पुढे देशभरात दहा हजारांहून जास्त लोकांनी तेच नाव सांगितलं असेल तरच ते छापील तक्त्यात वेगळं दिसतं, नाहीतर मोठ्या भाषेखाली ‘इतर’मध्ये जातं. २०११ मध्ये लोकांनी सांगितलेली मातृभाषांची नावं साडेएकोणीस हजारांवर होती. छाननी होऊन भाषा उरल्या १२१. तावडीच्या वाट्याला काय येईल, हे त्या दहा हजारांवर आहे.

तोवर आपल्या हातात काय आहे? कॉलेजचा प्रोजेक्ट. दर वर्षी आपण पर्यावरणाचा तोच तो प्रोजेक्ट कॉपी-पेस्ट करतो. त्याऐवजी एका गावाची यादी करून बघा. प्रत्येक घराला पाचच प्रश्न. घरातलं कोण सुरतला असतं, कुठल्या भागात, कोणत्या वर्षी गेलं, काय काम करतं आणि मतदारयादीत नाव कुठे आहे. दोनशे घरांचं गाव दोन रविवारांत होतं. घरात आजी असेल तर सहावा प्रश्न विचारायला हरकत नाही. या घरातून सगळ्यांत आधी सुरतला कोण गेलं आणि का गेलं? त्याला मात्र दोन रविवार पुरणार नाहीत.